एकशे वीस होकार

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खोलीत टेबलाच्या वर एक लग्नपत्रिका उलटी चिकटवलेली होती. घरमालकीणबाई आल्या की विचारायच्या, "कुणाचं लग्न गं?" मी म्हणायचे, "माझंच. पीएच.डी.शी." पहिल्या वर्षी त्या हसल्या. चौथ्या वर्षापासून त्यांनी विचारणंच सोडून दिलं.

पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर माझ्या मार्गदर्शक सरांच्या बारीक अक्षरात प्रबंधाचे भाग लिहिलेले होते. सरांना लग्नाच्या पत्रिका ढिगाने येत आणि कागद वाया गेलेला त्यांना बघवत नसे, म्हणून नव्या विद्यार्थ्याचा पहिला धडा ते पत्रिकेच्या पाठीवर देत. शीर्षक, गोषवारा, प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतक, पद्धती, तथ्य विश्लेषण, निष्कर्ष, मर्यादा, संदर्भसूची. लिहिताना ते बोलत होते. "गोषवारा म्हणजे ही पत्रिका. कोण, कुठे, कधी, सगळं आलं. जेवायला मात्र मांडवातच यावं लागतं. गृहीतक म्हणजे तुझा अंदाज. तो चुकला तर वाईट वाटून घेऊ नको, काहीतरी नवीन कळलं म्हणायचं. संदर्भसूची म्हणजे कोणाच्या घरून काय उसनं आणलं ते चारचौघांत सांगणं." मग 'मर्यादा' या शब्दाखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली. "आणि ही खरं बोलायची जागा. आपल्याला काय जमलं नाही ते इथे सांगायचं असतं. आपली मुलं इथे दोन ओळी लिहितात आणि सुटतात. तू तसं करू नको."

मी तसं केलं नाही, असं मला इथे लिहिता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

मी मूळची पिशोरची. आईवडील तिथेच असतात, शेती करतात. मी शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते, म्हणजे तास असेल तेव्हा मी मॅडम आणि सुट्टी लागली की कोणीच नाही. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी. माझा विषय होता बचत गट आणि बायकांचा घरातल्या निर्णयांमधला सहभाग. माझं गृहीतक असं की गटात आल्यावर बाईचा शब्द घरात चालायला लागतो. आई गटात होती, गावातल्या सगळ्या गटांमधल्या बाया तिच्या ओळखीच्या होत्या, म्हणून मी पिशोरच निवडलं. प्रबंधात याला 'सहेतुक नमुना निवड' म्हणतात. माझा हेतू एवढाच होता की दुपारी आईच्या हातचं जेवायला मिळेल.

प्रश्नावलीत चोवीस प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे दोन चौकटी, होय आणि नाही. मुलांच्या शिक्षणाचं ठरवताना तुमचं मत विचारलं जातं का? माहेरी कधी जायचं हे तुम्ही ठरवता का? सतरावा प्रश्न होता, आजारपणात दवाखान्यात जायचं की नाही हे तुम्ही स्वतः ठरवता का?

प्रश्नावली एकदम वापरायची नसते. आधी थोड्या लोकांना विचारून बघायची असते, त्याला पूर्वचाचणी म्हणतात. ती मी लासूर स्टेशनच्या आठवडी बाजारात केली, कारण तिथे मला कुत्रंही ओळखत नव्हतं. मिरच्या विकणारी एक बाई पहिल्याच प्रश्नाला म्हणाली, "इचारतो ना नवरा. भाकरी झाली का म्हून इचारतो." आजूबाजूच्या बाया खदखदून हसल्या. सतराव्या प्रश्नाला मात्र ती हसली नाही. "दवाखान्यात व्हय? पडल्यावर नेत्यात की उचलून." त्या दिवशी 'नाही'च्या चौकटीत खुणा करून करून माझं पेन संपलं. परतीच्या गाडीत मी खट्टू होऊन बसले होते. वाटलं, बाजारातल्या बाया जरा जास्तच तिखट असतात. आपल्या गावच्या तशा नाहीत.

आणि नव्हत्याच. पिशोरला मी चार दिवस फिरले. आई पुढे, मी मागे. प्रत्येक घरात बाई आधीच बसलेली असायची, धुतलेली साडी, कपाळावर ताजं कुंकू, बाजूला चहाचं आधण ठेवलेलं. मला भरून आलं. म्हटलं, आपली माणसं ती आपली. माझा प्रश्न पुरता व्हायच्या आत "व्हय" यायचं. आई दाराशी उभी राहून कौतुकाने ऐकायची. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात साफ लिहिलेलं असतं की मुलाखत घेताना तिसरं माणूस जवळ नसावं. वर्गात मी हे मुलांना शिकवते, वर उदाहरणही देते.

एका घरातल्या बाईच्या पायाला फडकं बांधलेलं होतं. जखम पिकलेली असावी, खोलीत तसा वास होता. मी सतरावा प्रश्न वाचला. तिने दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय." मी 'होय'पुढे खूण केली आणि अठरावा प्रश्न वाचला. हे मी केलेलं आहे. त्याची लाज अजून जात नाही.

शेवटचा, एकशे विसावा फॉर्म आईचा. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि डाव्यानेही लांबचं धड दिसत नव्हतं. दोन वर्षांपासून ती भाकरी तव्यावर अंदाजानेच टाकत होती. माझे वडील, अण्णा, म्हणायचे, कापूस निघाला की बघू. कापूस दोनदा निघाला होता. सतराव्या प्रश्नाला आई म्हणाली, "व्हय." मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"लिव्ह ना," ती म्हणाली.

मी लिहिलं. मला वाटलं, लेकीसमोर नवऱ्याचं गाऱ्हाणं कसं सांगायचं म्हणून संकोचत असेल.

उस्मानपुऱ्यातच एका जिन्याखाली टायपिंगचं दुकान आहे. तिथले भाई लोकांचे प्रबंध टाईप करून करून अर्धे प्राध्यापक झालेले आहेत; कोणत्या प्रकरणात काय येतं ते त्यांना झोपेतही सांगता येईल. मी फॉर्म वाचायचे आणि ते संगणकावर आकडे भरायचे, 'होय'ला एक, 'नाही'ला दोन. चाळीसेक फॉर्म झाल्यावर त्यांचा हात थांबला.

"मॅडम, बुरा नक्को मानो. ये सब एकीच है. एक लाईन भर के नीचे तक खींच देतूं?"

मी चिडले. म्हटलं, भाई, ही माणसं आहेत. त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "आपके गाँव की औरतां इत्ती खुश हैं, तो हमारी घरवाली को भी भेजतूं दो दिन."

मग मी पडद्याकडे नीट बघितलं. एक, एक, एक, एक. डावीकडून उजवीकडे एक, वरून खाली एक. कुठेही एकसुद्धा 'दोन' नव्हता. लासूरच्या बाजारात संपलेलं पेन मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी पिशोरला गेले. आई अंगणात डाळ निवडत बसली होती, डोळा बारीक करून एकेक खडा चाचपत. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. विचारलं, "आई, तू बायांना काही सांगून ठेवलं होतंस का?"

तिचा चेहरा उजळला. आपण केलेलं काम शेवटी लेकीच्या लक्षात आलं, असं तिला वाटलं असणार. "मंग? सांगतलं नसतं तर कसं व्हतं?"

मी गावात यायच्या आदल्या दिवशी ती कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर गेली होती. हळदीकुंकवाचं बोलावणं करतात तसं, एकेकीच्या कपाळाला बोट लावून सांगत. उद्या माझी पोरगी येणार हाय. तिची लई मोठी परीक्षा हाय. ती जे इचारंल त्याला कुणी नाय म्हणू नका.

तिचं काय चुकलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. आमच्या गावात कागद-पेन घेऊन आलेला माणूस म्हणजे तपासणी. शाळेत साहेब येणार असले की गुरुजी आदल्या दिवशी आमच्याकडून उत्तरं घोकून घ्यायचे. गाव स्वच्छतेची पाहणी असली की सगळ्यांना निरोप यायचा, विचारलं तर होय म्हणा. 'नाही' म्हटलं की कोणाचं तरी नुकसान होतं, कोणाला तरी बोलणी बसतात, हे आईने आयुष्यभर पाहिलेलं. लेकीचं नुकसान ती कशी होऊ देईल?

"अगं, ही माझी परीक्षा नव्हती," मी म्हणाले. "मला खरं हवं होतं. नाही असेल तर नाही."

"नाय म्हणल्यावर पास करत्यात व्हय?" आईने विचारलं.

खरं सांगायचं तर मलाही ते नक्की माहीत नव्हतं. म्हणून मी ओरडले. माझी सहा वर्षं पाण्यात घातलीस, असं म्हणाले. जिने ती सहा वर्षं दर शनिवारी एसटीतून मला भाकऱ्या आणि ठेचा पाठवला, तिला म्हणाले.

आईने डाळीतला एक खडा चाचपून बाजूला टाकला. मग हळूच म्हणाली, "मंग पुन्हा घे ना. म्या आजच समद्यांना सांगून येते, आता नाय म्हणा म्हून."

मी मटकन तिच्या शेजारी बसले. हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही तिला समजावता येईना.

संध्याकाळी मी एकटीच निघाले. कागद नाही, पेन नाही, आई नाही. पायाला फडकं बांधलेल्या बाईकडे गेले. जखम आता भरली होती, पण ती पाय ओढत चालत होती. चुलीपाशी बसून ती तासभर बोलली. सगळं बोलली. कोणी दवाखान्यात नेलं नाही, का नेलं नाही, गटातून मिळालेलं कर्ज कोणी कशावर उडवलं, सही तेवढी तिची. त्या एका तासात माझ्या चोवीस प्रश्नांची उत्तरं मिळाली, आणि मला विचारायला न सुचलेल्या आणखी कितीतरी प्रश्नांचीही. निघताना तिने माझा हात धरला. "पर हे लिवू नको बाई. कागदावर व्हय म्हणले ते तसंच ऱ्हाऊ दे. तुझ्या आईला शब्द दिलाय म्या."

आणखी चार घरी गेले. चारही घरी असंच. बोलायच्या मोकळेपणाने आणि शेवटी म्हणायच्या, लिवू नको. उत्तर देणाऱ्याच्या परवानगीशिवाय काही लिहायचं नाही, हा नियमही सरांनीच शिकवलेला. म्हणजे माझ्याकडे खोट्या उत्तरांची एकशे वीस पानं होती, आणि ती छापायला सगळ्यांची परवानगी होती. खरी उत्तरं पाच होती आणि त्यांना मनाई होती. आणि माझ्यावरच्या मायेपोटी हे सगळं झालेलं, त्यामुळे चिडावं तरी कोणावर?

सरांच्या खोलीत गेले तेव्हा ते पुस्तकं खोक्यांत भरत होते. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. मी सगळं सांगितलं, करंड्यापासून चुलीपर्यंत. ते खाली बघत ऐकत राहिले.

"नवीन गाव, नवीन एकशे वीस बाया. किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"फिरणं, तक्ते, लिखाण धरून सहा महिने तरी."

"तोवर मी इथे नसेन. मार्गदर्शक बदलायचा, विषय पुन्हा मंजूर करून घ्यायचा. तुझी मुदतवाढही ही शेवटचीच ना?"

मी मान हलवली. मुदत संपली की नोंदणी रद्द होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मर्यादांमध्ये लिही," ते शेवटी म्हणाले. "मी सांगितलं होतं ना, ती खरं बोलायची जागा आहे."

मला केवढा धीर आला. मी तीन दिवस बसून पाच पानं लिहिली. कोणाचं नाव नाही, कोणाच्या घरची गोष्ट नाही. फक्त उत्तरं कशी आली ते लिहिलं, कुंकू लिहिलं, दाराशी उभी असलेली माझी आई लिहिली, आणि या उत्तरांवर विश्वास ठेवता येत नाही असं स्वच्छ लिहिलं. सहा वर्षांत मी लिहिलेलं तेवढंच काय ते मला आवडलेलं होतं.

सरांनी ती पानं दोनदा वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझा खरा प्रबंध हा आहे," ते म्हणाले. "पण परीक्षक हे वाचून विचारतील, मग आधीची दोनशे पानं कशाला आणलीत? आणि त्यांचं बरोबर असेल."

"मग काय करू, सर?"

लाल पेन घेऊन त्यांनी पाचही पानांवर एकेक तिरपी रेघ ओढली, फार हळू, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'काही उत्तरदात्यांनी समाजाला अपेक्षित अशी उत्तरे दिली असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.' वाक्य खोटं नव्हतं. भाईंनी ते टाईप केलं तेव्हा मी मोजलं. बरोबर दोन ओळी झाल्या. सर शेजारीच उभे होते, शेवटचं तपासायला आलेले. मी मोजतेय हे त्यांनी पाहिलं. "माहीत आहे मला," एवढंच ते म्हणाले आणि दुकानाबाहेर पडले.

प्रबंध जमा झाला. खोलीवर येऊन मी भिंतीवरची पत्रिका काढली. मागे भिंतीचा चौकोन तेवढा पांढरा राहिला होता.

तोंडी परीक्षा थंडीत झाली. ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. सर निवृत्त झाले होते तरी आले. आईला मी आदल्या दिवशी खोलीवर आणून ठेवलं होतं. अण्णा आले नाहीत, वेचणी सुरू होती. आई शेवटच्या रांगेत बसली, इस्त्रीच्या साडीत, हातात पेढ्यांचा खोका घट्ट धरून. मी पडद्यावर तक्ते दाखवले. शंभर टक्के, शंभर टक्के, शंभर टक्के. तिला ते दिसत नव्हते, पण ती पडद्याकडे एकटक बघत होती.

बाहेरगावहून आलेल्या परीक्षकबाईंनी प्रबंध नीट वाचलेला होता. पानांत जागोजागी चिठ्ठ्या होत्या. त्यांनी विचारलं, "एकशे वीसपैकी एकशे वीस? सतराव्या प्रश्नालाही? तुम्ही स्वतः त्या घरांमध्ये बसला आहात. मनापासून सांगा, तुम्हाला हे खरं वाटतं का?"

त्या चांगल्या होत्या. त्यांच्या आवाजात अडकवण्याचा भाव नव्हता, उलट दार किलकिलं करून दिल्यासारखं त्या विचारत होत्या. माझ्या तोंडाशी ती पाच पानं आली. मी सरांकडे बघितलं, ते पेनाचं टोपण उघडत-लावत होते. मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. प्रश्न आईला कितपत कळला कोण जाणे, पण लेक अडली आहे हे तिला कळलं होतं. माझा आवाज आला होता त्या दिशेला तोंड करून ती मान हलवत होती. वर, खाली. वर, खाली. घरोघरच्या बायांना दाराशी उभं राहून तिने हेच केलं असणार, माझ्या पाठीमागे, चार दिवस.

"होय, मॅडम," मी म्हणाले.

बाईंनी प्रबंध मिटला आणि चिठ्ठ्या एकेक करून काढून घेतल्या. थोड्या वेळाने अभिनंदन झालं, टाळ्या झाल्या.

बाहेर पायऱ्यांवर आईने सगळ्यांना पेढे वाटले, शिपायाला दोन दिले. मग मला बाजूला घेतलं. "झालीस ना पास? मंग एक काम कर माझं. आता तू डॉक्टर झालीस. तुझ्या अण्णांना माझ्या डोळ्याचं तू सांग. तुझं ऐकतील."

मी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. अण्णा रानात होते. पास झाल्याचं त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, तो आनंद खोटा नव्हता. मग मी म्हणाले, आईला इथेच ठेवून घेते, डोळ्याचं करूनच पाठवते. "अगं, निम्मा कापूस रानात हाय. माणूस मिळंना. तिच्याबिगर इथं कसं व्हायचं? एवढा निघू दे, मंग बघू." मी या विषयावर दोनशे पानं लिहिली होती. एकसुद्धा वाक्य आठवलं नाही. "बरं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणले?" आईने विचारलं.

"हो म्हणाले."

आईने चांगला डोळा माझ्याकडे वळवून पाहिलं. मग उरलेल्या पेढ्यांच्या खोक्याला दोरी बांधली, तो पिशवीत खाली नीट बसवला आणि पदर खोचला.

"चल मंग, चारची गाडी सापडंल," ती म्हणाली. "कापूस लई राह्यलाय."